तीन बोटं

सियागंजात दुकानदाराने विचारलं, "भिया, लॉन केवढा?"
मी हात पसरले, मग जरा जवळ आणले.
बावीस बाय सोळा, असं शेवटी सांगितलं.
त्यातून पेरूचं आळं वजा,
आणि कपडे वाळायच्या तारेखालची पट्टी,
जिथे वैजयंती उभी राहून राहून
गवताने आपणहून माघार घेतली आहे.

त्याने आधी पेट्रोलची दाखवली.
दोरी खेचली, तशी खुंटीवरची फावडी
एकमेकांशी बोलू लागली,
समोरचा सुतळीवाला उठून बघायला आला.
एवढ्या आवाजात आमची अर्धी कॉलनी
वरातच आली म्हणून गच्चीत जाईल.

मग विजेवरची. नारिंगी, हलकी, गुणी दिसणारी,
मागे वीस मीटर वायरचं वेटोळं.
तिला मी हात लावला नाही.
छत्तीस वर्षं वीज मंडळात मीटर वाचले.
ओल्या गवतात वायर कशी दिसते, मला ठाऊक आहे:
दिसत नाही.
आमचा शालिग्राम लाइनमन याविषयी
उरलेल्या दोन बोटांनी सगळं समजावून सांगतो.

"तो फिर बैटरीवाली," म्हणाला, आणि किंमत सांगितली.
मी चष्मा पुसला.

कोपऱ्यात पोत्याखाली होती हाताने ढकलायची.
पाच पाती पीळ घातलेली, खाली एक सरळ.
त्याने पेपरचा तुकडा मध्ये धरून
चाक बोटाने फिरवलं.
मंडीच्या भावांचं पान
कुरकुर न करता दुभंगलं,
लसूण एकीकडे, सोयाबीन एकीकडे.
मला तेवढं पुरलं.

सोबत लांब दांड्याची कातर, एक दाताळं,
तेलाची चोचवाली बुधली.
विळा नाही घेतला. विळा घरी आहे,
मांगीलालचा, नळामागे, भिंतीच्या फटीत खोचलेला.

एकोणीस पावसाळे तो उकिडवा बसून
बदकासारखा सरकत गेला या बावीस फुटांतून,
आणि जाताना भारा सायकलला बांधून
गाईसाठी घेऊन गेला.
यंदा जेठात येऊन म्हणाला,
"बाबूजी, घुटनों ने इस्तीफा दे दिया."
मंजूर करणारा मी कोण?

रविवारी मशीन चालवली.
उंचीचा स्क्रू सगळ्यात खालच्या खाचेत,
हिशेब असा, की एकदा तळापासून कापलं
की महिनाभर बघायला नको.
खर्र् खर्र् करत चार फेऱ्या झाल्या
आणि जमिनीचं डोकं दिसू लागलं.
वैजयंती पायरीवरून म्हणाली,
"मुंज कुणाची आहे?"

बुधवारपर्यंत सगळं पिवळं.
कचऱ्याच्या गाडीवरचा पोरगा ओल्या डब्यात डोकावून
मग कुंपणाच्या आत डोकावून
काही बोलला नाही. सभ्य आहे.

गुरुवारी मांगीलाल काठी टेकत आला.
खाली बसता येईना, तर पायरीवर बसला
आणि वाकून तळवा फिरवला त्या पिवळ्यावर,
ताप बघतात तसा.
मशीनची पाती अंगठ्याने आडवी चाचपली.
"चीज अच्छी है," म्हणाला.
मग खिशातून दोनचं नाणं काढून
त्याच्या कडेने स्क्रू फिरवला, वर, वर,
मातीवर आपली तीन बोटं आडवी ठेवली.
"इतनी छोड़ना. इतने में वो खुद को सँभाल लेगी."

कापलेल्या गवताची पिशवी दिली, तर हसला.
बारीक भुसा. भारा बांधता येत नाही,
गाईने श्वास सोडला तरी उडून जाईल.

आता मी तीन बोटं ठेवून ढकलतो,
शनिवारी, ऊन आल्यावर, पाती कोरडी करून,
दर फेरीला मागे वळून बघत,
जसा आकडा लिहिल्यावर पुन्हा बघायचो.
भिंतीलगत वीतभर पट्टा राहतो,
चाकामुळे मशीन तिथे पोचतच नाही.
लांब कातर त्यासाठीच घेतली होती.

ती अजून कागदात आहे.
पट्टा गुडघ्याएवढा झालाय.
त्याचं रीडिंग मी घेत नाही.
मांगीलालचा नातू सायकल घेऊन येतो
आणि विळा कुठे असतो ते विचारत नाही.