शेरा

मलेरिया खात्याची सायकल, मागे जळक्या तेलाचा डबा,
पुढे गेंदालाल, खांद्यावर लांब दांड्याचा डाव.
बिजलपूरच्या पुढे, राऊच्या वाटेवर,
वीटभट्टीवाल्यांनी सोडून दिलेला खड्डा,
क्रमांक एकशे बारा.
नागपंचमी होऊन गेलेली, सहा दिवसांची उघडीप,
पाणी गुडघ्याखाली, चहाच्या रंगाचं.

रजिस्टरात रकाने पाच:
खड्डा. खोली. अळ्या आहेत की नाहीत. तेल. शेरा.

डावात अळ्या आल्या, सात-आठ,
आणि आणखी काहीतरी,
जे आधी दिसलंच नाही, नुसती सावली हलली तळाला.
मग दिसलं. बोटाच्या पेराएवढं,
काचेचं म्हणावं तर काच इतकी मऊ नसते,
शेपटीला शेंदराचं बोट लागल्यागत.
आणि उताणं!
पाठ चिखलाकडे, पोट आभाळाकडे,
पायांच्या अकरा जोड्या एकामागून एक,
कुणी पेटीवरून बोटं फिरवावीत तशा.
गेंदालाल म्हणाला, "साब, यो तो उल्टो तिरे."

मुरंब्याच्या बरणीतून नेलं होळकर कॉलेजात.
डोंगरेबाईंनी चष्मा कपाळावर ढकलला.
"मराठीत नाव नाही याला. इंग्रज परी म्हणतो.
पायांनी पोहतं, पायांनीच खातं, श्वासही पायांनी.
हा नर, डोक्याला चिमटे बघा, मादी धरायला.
ही मादी, पोटाशी पिशवी, आत खसखशीहून बारीक अंडी.
कवच नाही, डंख नाही, पळायची अक्कलही बेताची.
एक मासा सोडा, संध्याकाळपर्यंत खड्डा साफ.
म्हणून जिथं पाणी मरतं, तिथंच हे जगतं."
आणि पाणी मेल्यावर?
"अंडी चिखलात. चिखलाची ढेकळं, ढेकळांची धूळ.
वरून वैशाख जातो, बैलगाडी जाते,
बगळ्याच्या पायाला चिकटून काही परगावीही जातात.
पुन्हा पाणी आलं की थोडी उठतात.
थोडी ऐकूनही उठत नाहीत.
पाणी खोटंही असू शकतं ना, साहेब."

डासाला उडायला आठ दिवस. याला अंडी घालायला दहाएक.
भट्टीवरच्या झमकूबाईच्या पोराला थंडी वाजून ताप.
मी डबा उघडला. मग झाकण लावलं.
तेल संपलं होतं, असं कचेरीत सांगितलं.

तीन संध्याकाळी चहाच्या गाळणीनं
आम्ही दोघं अळ्या वेचत होतो, कमरेत वाकून,
सरकारी टोपी काठावर ठेवून.
झमकूबाईनं विचारलं, काय हरवलं?
चौथ्या दिवशी पाणी परातीएवढं राहिलं,
त्यात माद्या आपापल्या पिशव्या ओढत फिरत होत्या.
पाचव्या दिवशी तडे.

पोरगा बरा झाला. ताप कशाचा, ते कळलं नाही,
रक्ताची काचपट्टी वाटेत फुटली.
मी त्यावर फार विचार केलेला आहे.

रजिस्टरात लिहिलं: अळ्या, नाहीत. तेल, नाही.
शेऱ्यात गेंदालालचं वाक्य लिहिलं, मग खोडलं.
वरच्या साहेबांनी खोडण्याखाली सही केली.

आता तिथं कॉलनी आहे, तीन मजली,
खड्डा पार्किंगच्या फरशीखाली.
माझ्याकडे गोळ्यांचा रिकामा डबा, त्यात मूठभर माती.
परवा अर्धी माती काचेच्या ग्लासात घातली,
वर गच्चीवर धरलेलं पावसाचं पाणी.
दुसऱ्या दिवशी ठिपके हलू लागले, एकेका डोळ्याचे.
बाराव्या रात्री खोलीतले दिवे मालवून
मी ग्लासाखालून टॉर्च धरला.
उजेड खालून आला म्हटल्यावर
सगळी एकदम वळली, पोट उजेडाकडे, पाठ वर,
आपल्यासारखी सुलटी.
मला ते बघवेना. टॉर्च बंद केला.

उरलेली माती डब्यात आहे.
डब्यावर छापलंय: क्लोरोक्विन. मुदत, मार्च शहाऐंशी.