पेवाचं तोंड

फॉर्मचा सातवा रकाना : ही सामग्री
सर्वांसाठी खुली, विनंतीवरून, की बंद?
टिचकी एकावरच मारता येते.

माझ्याकडे त्रेसष्ट ध्वनिफिती, अकरा वह्या
आणि चार्टपेपरवर स्केचपेनांनी काढलेलं एक गाव,
जे भूकंपात गेलं.

आहे ते तीन किलोमीटर अलीकडे, माळावर :
ए लाइन, बी लाइन, सी लाइन,
रस्ते सरळ, कोपरे काटकोनात.
एक्सेलमध्ये भरायला किती सोपं,
असं मी पहिल्याच दिवशी वहीत लिहिलं होतं.
आता ते वाक्यही सामग्रीचा भाग.
खोडायचं नाही, असं आमचं शास्त्र सांगतं.

जुनं गाव रकान्यात बसेना.
मैनोद्दीनचाचांनी शिवणकामाच्या खडूनं
फरशीवर आधी मशीद काढली, मग तिच्या अंगानं गल्ली वळवली.
"हितं बोळ. दोन म्हशी समोरासमोर आल्या
की एकीनं माघारी जायाचं."
कुणाची म्हैस माघारी जायची
यावर बायकांचा अर्धा तास वाद.
फीत बारा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

फीत सतरा केवळाबाईंची.
एकोणिसाव्या मिनिटाला त्या म्हणतात, "बंद कर ते."
मी बंद केलं, असं मला वाटलं.
लाल दिवा चालूच होता, हे खोलीवर आल्यावर दिसलं.
त्या पहाटे कुणी कुणाच्या हातातल्या पाटल्या काढल्या,
हात अजून कोमट असताना.
दोन्ही घरं आता सी लाइनीत, शेजारी.
विरजण एकमेकींकडून नेतात.
(लाइन मी बदलली आहे.)

चौदा वर्षं ती फीत कुणाला ऐकवली नाही,
पुसलीही नाही.
आता पैसे देणारी संस्था म्हणते, ज्ञान सगळ्यांचं.
खरंच आहे. आणि म्हणते, निनावी करा.
केवळाबाई होतील
सहभागी सतरा, स्त्री, वय अंदाजे साठ.

निलंग्याहून दुपारची एसटी धरली.

त्यांनी मला आवाजावरून ओळखलं.
"नावं काढायलीस म्हनं? माजं कशाला?
म्या काय चोरी केली?
जिनं घेतल्या तिचं काढ. जिच्या होत्या तिचंबी.
माजं ठळक राहू दे."

मग सुपातले खडे चाचपत, बराच वेळ थांबून :
"जुन्या गावात आमचं पेव होतं, चाळीस पोत्याचं.
उघडलं की लगीच उतरत न्हाईत, बाई.
माजा दीर उतरला. घाई होती त्याला.
दोरानं वर काढला तवा जीभ निळी.
एक दिस वाफ जाऊ द्यायची. मग कंदील सोडायचा.
कंदील जळत ऱ्हायला, तर मानूस.
अन् उघडलंच न्हाई, तर ज्वारी काळी पडती.
मग कुनाच्या कामाची?"

मी विचारलं, मग हे कधी उघडू?

"आमी दोघी-तिघी गेल्यावर.
लगीच न्हवं."
सूप खाली ठेवलं.
"अन् ते गावाचं चित्र कुठंय?"

लातूरला. माझ्या कपाटात.

"मंजी चौदा वर्सं आमचं गाव तुज्या कपाटात?"

यावर माझ्याकडे संदर्भसूची नव्हती.

चार्टचा फ्लेक्स केला, आठ बाय दहा,
शाळेच्या व्हरांड्यात लावला.
मधल्या सुट्टीपर्यंत कुणीतरी बॉलपेननं
वेशीतला लिंब खोडून विहिरीच्या पलीकडं नेला होता.
खाली लिहिलं होतं : हितं होता.
संध्याकाळी दुसऱ्या अक्षरात : न्हाई, हितंच.

रात्री फॉर्म उघडला. सातवा रकाना तसाच.
विचार करता करता स्क्रीनवर आलं,
आपली वेळ संपली आहे, कृपया पुन्हा प्रवेश करा.

सकाळी आधी लिंबाचं बघते.