वगळायचे शब्द

दुसऱ्या रेल्वे गेटवरून मालगाडी गेली की
आमच्या खोलीतले चहाचे पेले किणकिणतात.
तिथं बसून मी सात महिने
तालुक्यातल्या जुन्या जबान्या टेबलात भरल्या.
टेबल म्हणजे रकान्यांचं, लाकडी नव्हे:
क्रमांक, गाव, तारीख, आणि शेवटी
एक लांबलचक रकाना, ज्यात माणूस बोलतो.

क्रमांक शोधणं सोपं.
त्याचं झाड असतं, उलटं, मूळ वर;
तीन फांद्या उतरलं की पान हातात.
माणूस बोलतो त्या रकान्याचं तसं नाही.
मधलाच एखादा शब्द विचारलात तर
यंत्र पहिल्या ओळीपासून वाचत बसतं,
बोटाला थुंकी लावून एकेक कागद उलटल्यासारखं.

म्हणून शब्द सुटे करायचे,
प्रत्येकापुढं लिहायचं, तो कुठं कुठं आलाय.
आणि जे सगळीकडंच येतात
ते आधी निवडून टाकायचे, तांदळातल्या खड्यांसारखे:
व, की, तर, आहे, नाही, पण.

यादी पुण्याहून आली, सरपोतदारकडून.
तळाला त्यानं स्वतः घातलेला एक शब्द: खरं.
एकेचाळीस हजार वेळा येतो म्हणे;
इतक्यांदा येणाऱ्या शब्दात अर्थ उरत नाही.

बरोबर होतं त्याचं.
आमच्याकडं खरं म्हणजे पण.
भाकरी हाय, खरं आमटी न्हाई.
येतो म्हणालाय, खरं यायचा न्हाई.
दिवसभर आम्ही खरं खरं करतो
आणि एकदाही शपथ घेत नाही.

खरं, जबानी क्रमांक ८८१७.
सातेरी निंगाप्पा कुकडोळकर,
जांबोटीच्या वाटेवरचं गाव, विहिरीच्या वाटणीचा तंटा.
‘अंगठा मी केलोय, खरं वाचून कोण दाखविल्यालं न्हाई.
खरं सांगतो, खरं कोण ऐकूलालंय?’

तीन खरं.
पहिलं वळण, दुसरं शपथ,
तिसऱ्याला पुन्हा तेच वळण, जरा थकलेलं.
यंत्रानं तिन्ही सारखीच उपटली.
तिचं न्हाई तेवढं वाचलं,
कारण यादीत नाही होतं, शुद्ध.

रात्री नऊला मी तो शब्द यादीतून खोडला.
इंडेक्स पुन्हा बांधायला लावला.
तो बांधत होता तोवर पेले विसळले,
सगळे, दुसऱ्यांचेही.

सकाळी सरपोतदारचा फोन.
शोध मंदावलाय. खरं काय म्हणून विचारलं
तर अर्धा तालुका हात वर करतोय.
परत घाल तो शब्द यादीत,
त्यात काही नसतं, हो ना?

‘होय, खरं...’ मी म्हटलं,
आणि गेटवर गाडी आली.

त्याला वाटलं, पटलं.
त्यानं फोन ठेवला.