डावं इंजिन

बुढी म्हणायचो आम्ही तिला.
कागदावर नाव परदेशी, लांबलचक,
शेपटीवर आकडा चारशे सतरा.
तिच्या जातीतल्या बाकी साऱ्या
कुठे भंगारात, कुठे एखाद्या चौकात
चौथऱ्यावर, पोटात चिमण्या घेऊन.
उडणारी ही एकटीच उरली होती.

काल सकाळी साडेसातलाच सोनेगावची धावपट्टी
तव्यासारखी. पंखाला हात लावला तर पत्र्याने चटका दिला.
मी वर्दीतला नव्हे, सिव्हिलियन फिटर.
तिसऱ्या रांगेत, हातात बुंदीचं पाकीट.
पुढे वर्दीवाल्यांचे फोटो चालले होते.

सोधी साहेबांनी एक चक्कर जास्तच मारली,
अंबाझरीवरून, वाडीवरून, मग जयताळ्यावर
इतकी खाली आणली
की गच्चीत मूगवड्या घालत बसलेल्या पंचफुलाने
हात कपाळाशी नेला असणार.
ती विमानात कधी बसली नाही.
पण तीस वर्षं ताट वाढताना सांगत आली,
"आज डावं खोकलून राह्यलं होतं जी."
अन् दुसऱ्या दिवशी उघडून पाहावं
तर खरंच एखादा प्लग काळा.
हे मी हँगरमध्ये कुणाला सांगितलं नाही.
शाबासकी माझ्या नावावर जमा.

उतरली.
अग्निशमनच्या दोन गाड्यांनी
दोन्हीकडून पाण्याची कमान धरली.
मे महिन्यात या शहरात एवढं पाणी
नवरदेवावरसुद्धा कुणी उधळत नाही.
पंखे थांबायला नेहमीपेक्षा वेळ लागला,
की मलाच तसं वाटलं.
टाळ्या झाल्या. भाषणात
'सेवा' हा शब्द सहा वेळा आला.

मग रजिस्टर माझ्यापुढे.
तेल, टायर, ब्रेक,
टिचक्या मारून ऐकलेले रिव्हेट,
सगळ्यांपुढे सही केली.
शेवटचा रकाना, पुढील तपासणी केव्हा.
हाताने लिहून टाकलं : पन्नास तासांनी.
कारकून पोरगा हसला.
मग हसायचा थांबला,
पट्टी ठेवून लाल रेघ ओढली त्याने,
फार सावकाश.

संध्याकाळी निघताना सवयीने
डाव्या इंजिनाखाली पत्र्याची थाळी सरकवली.
बुढी गळायची.
जुने फिटर सांगत, गळते तोवर भरवसा ठेव,
गळायची थांबली
की समज, आत तेलच नाही.

आज सकाळी वाकून पाहिलं.
टाक्या रात्रीच उपसलेल्या.
थाळीत एक नाकतोडा अन् चिमूटभर धूळ.

घरी आलो तेव्हा पंचफुला
कालच्या वड्या पालथ्या करत होती.
वर न पाहताच म्हणाली,
"आज कोणतंच ऐकू नाही आलं."
मी शेजारी बसलो,
ओल्या राहिलेल्या वेगळ्या काढू लागलो.
हात धुतले नव्हते.
तिने टोकलं नाही.