एकेचाळिसावा महिना

ऑडिटर सोमवारी येणार,
म्हणून शेठ म्हणाले, ड्रॉइंगच्या फायलींची यादी काढ की गं,
प्रत्येकीपुढं तारीख : दिवस, महिना, साल, मधे आडवी रेघ.
तीन हजार दोनशे फायली.
हातानं काढायला बसले असते तर जोतिबाची यात्रा उजाडली असती.
मी बारा ओळींची स्क्रिप्ट लिहिली.

उद्यमनगरात दुपारी सगळंच थरथरतं.
पलीकडच्या शेडमध्ये साचे फोडत होते,
टेबल हलत होतं, कपातला चहासुद्धा.

पहिली ओळ आली :
१४-४१-२०११.
मला हसू फुटलं. एकेचाळिसावा महिना!
मग चूक दिसली. स्मॉल एम म्हणजे महिना,
कॅपिटल एम म्हणजे मिनिट,
माझं बोट शिफ्टवर रेंगाळलेलं.

पण एक्केचाळीस मिनिटं, किती वाजून?
सहज म्हणून तासही मागितला.
दोन. रात्रीचे.
खालची फाईल तीन वाजून आठ.
तिच्याखालची, चाराला पाच कमी.
पंप केसिंग, पंप केसिंग सुधारित,
पंप केसिंग शेवटचं,
पंप केसिंग शेवटचं खरं.
सगळ्या भूपाल मगदुमांच्या.

मी त्यांना पाहिलेलं नाही.
त्यांची खुर्ची मिळाली, डावा हात झिजलेली,
आणि ड्रॉवरात स्टीलची पट्टी, नाव कोरलेली.
स्टोअरमधला दस्तगीर म्हणतो,
"सातला घरला जायचे की ते. रजिस्टरात सही हाय."

साडेपाच तास मिळवून पाहिले.
घड्याळ लंडनचं असेल,
तर हे सकाळचे आठ वाजून अकरा,
मगदूम नुकते आलेत, डबा खिडकीत ठेवलाय.
तसं असतं तर बरं झालं असतं.
पण मशीन इथलंच होतं, वेळ इथलीच.
अकरा रात्री सलग.
मधे एक रविवार.

शिफ्टवरचं बोट काढलं.
१४-०३-२०११. झकास, सरळ.
ऑडिटरला तास नकोत, तासाला रकानाच नाही.
प्रिंट शेठच्या टेबलावर ठेवली.

दुसरी यादी, तासमिनिटांसकट,
माझ्या फोल्डरात आहे. तिला नाव सुचेना.
तिच्यापुढं आजची तारीख,
सात वाजून वीस.
खाली रजिस्टरात माझी सही
सहाची.