सोळा पिना

यात्रेच्या आठवड्यात विट्यात
सगळा देश पार्किंगला येतो.
गलाईवाले गावी परततात.
केएल, डब्ल्यूबी, टीएन, पीबी.
मडगार्डला कोट्टायमची लाल माती,
डॅशबोर्डवर काली आणि तिला चिकटून रेवणसिद्ध.
चारातली एक गाडी आमच्या शेडपुढं थांबते
आणि पिवळा दिवा दाखवते,
डॉक्टरला जीभ दाखवावी तसा.

मायणी रस्त्याला आमचं शेड.
पाटीवर अजून ‘बाबालाल शिकलगार, ऑटो गॅरेज’,
खाली मीच रंगवलेलं, थोडं तिरकं: ‘व कन्या’.

यंदा अब्बा म्हणाले, जुलेखा, ते अ‍ॅडॅप्टर का काय ते घे.
लॅपटॉपला लावायचं. गाडी सांगंल तिचं तिनं.
पैसे कुठले, हे विचारू नये अशा आवाजात.

तीन आले बघायला.
एक सांगलीच्या दुकानातलं, सातशे रुपयांचं,
काडेपेटीएवढी निळी डबी,
वर लिहिलेलं: सर्व गाड्यांसाठी.
दुसरं वापरलेलं, कराडच्या एका पोराचं,
काळी वायर, प्लगला चिकटपट्टी, साडेआठ हजार.
तिसरं पुण्याचं, फोमच्या पेटीतलं.
किंमत ऐकून अब्बांनी चहा खाली ठेवला.
ते परत गेलं. त्याच्याबद्दल एवढंच.

स्टिअरिंगखाली, गुडघ्याशी, एक खाच असते.
सोळा घरं तिला, बरीचशी रिकामी.
चार-पाच अर्थिंगची, सोळावं बॅटरीचं,
एवढं सगळ्यांचं सारखं.
बाकी जिची तिची बोली:
कुणी सातव्या घरातनं, एकाच तारेवर, सावकाश,
कुणी सहा आणि चौदातनं, दोन तारांनी, भराभरा,
सासरची तक्रार माहेरी सांगावी तसं.

निळी डबी लावली.
केरळच्या गाडीला विचारलं. डबी म्हणाली, दोष नाही.
बंगालच्या गाडीला. दोष नाही.
समोर पिवळा दिवा ढळढळीत जळतोय,
आणि ही म्हणते दोष नाही.
मग मी गंमत केली.
डबी उपसून काढली,
सुट्या बॅटरीचे दोन चिमटे लावले तिला.
पलीकडं गाडीच नव्हती.
डबी म्हणाली: जोडणी झाली. दोष नाही.

सुबराव मंडले बघत उभे होते,
पस्तीस वर्षं कोट्टायमला सोनं गाळणारे.
म्हणाले, पोरी, कसाचा दगड
सगळ्यालाच सोनं म्हणाया लागला
की त्यावर चटणी वाटायची.

काळी वायर लावली.
केरळ बोललं. बंगाल अडखळत बोललं.
पंजाबच्या डिझेलनं इतकं सांगितलं
की बिलबुकाची पाठ पुरेना.
मग टीएन, जुनी, दोन हजार तीनची.
पडद्यावर कितीतरी वेळ तीन ठिपके,
आणि शेवटी:
ही बोली मला येत नाही.

मी तिथंच साडेआठ हजार मोजले.
घासाघीस करायची राहूनच गेली.

टीएनवाला वाट बघत होता,
बायको पुढच्या सीटवर, मांडीत नारळ.
काय झालंय हो गाडीला?
या प्रश्नाला आमच्या शेडनं आजवर
कधी कुणाला रिकाम्या हातानं धाडलं नाही.
काहीतरी सांगायचंच: प्लग असंल, फिल्टर असंल,
सेन्सर तर हमखास.
मी म्हणाले, माहीत नाही.
ठेवून जा. बघून उद्या सांगते.

अब्बांचा पाना हवेतच थांबला.
त्यानं बायकोकडं बघितलं, बायकोनं नारळाकडं.
मग किल्ली माझ्या काळ्या तळहातावर ठेवली
आणि दोघं निघाले
रेवणसिद्धाची जादा एसटी धरायला,
ती पुढं, तो मागं,
एकदाही वळून न बघता.