कारणाचा रकाना

तो आला तेव्हा जनरेटर धडधडत होता,
म्हणून त्याचं नाव दोनदा विचारावं लागलं.
डेन्हम. वय अठ्ठ्याहत्तर. जन्म देवळाली कॅम्प,
तोफखान्याच्या इस्पितळात.
आयेनं शिकवलेला एकच शब्द उरलाय, म्हणाला: चूप.
सकाळी लॅम रोडनं शोधत गेला होता.
इस्पितळ सापडलं नाही, बेकरी सापडली.
आमच्यासाठी नानकटाईचा पुडा घेऊन आला
आणि फाटकावरच्या वहीत
वेळ, काम, कोणाला भेटायचं,
सगळे रकाने न सांगता भरले.

गायधनी त्याला यंत्रं दाखवत हिंडला.
कोपऱ्यातल्या जुन्या स्पूलच्या मशीनपाशी तो थांबला,
धूळ बोटानं पुसली नाही, फुंकली.
इथूनच सुरुवात. अठरावं वर्ष, हातात दाढीचं ब्लेड,
मोठ्या माणसांच्या बोलण्यातले
अं, म्हणजे, खाकरणं, उसासे
कापायचे, टेप परत चिकटवायची.
तुकडे काड्यापेटीत साठवायचा.
"एका मंत्र्याचा अख्खा संकोच
माझ्या खिशात होता."

मग निर्माता, मग केंद्राचा प्रमुख,
मग अशा मजल्यावर, जिथे गालिचा इतका जाड
की स्वतःची पावलंही ऐकू येत नसत.
खुर्ची चढत गेली तसा आवाज उतरत गेला.
शेवटची नऊ वर्षं त्यानं रेडिओ ऐकला नाही,
रेडिओचे आलेख पाहिले.

त्याच्या सहीनं चौदा केंद्रं बंद झाली.
बंद नाही, विलीन, त्यानंच दुरुस्ती केली.
(आमच्या मार्चच्या परिपत्रकातही
हाच शब्द आहे. दोनदा.)
एक समुद्रकाठचं होतं,
पहाटे भरती-ओहोटीच्या वेळा सांगायचं.
विलीन झाल्यावर तिथे राजधानीहून गाणी येऊ लागली.
चांगली गाणी.
एका बाईनं पत्र लिहिलं:
नवऱ्याला दिसत नाही,
भरती कधी ते आता मलाच विचारतो,
मी काय सांगू?
तिला छापील उत्तर गेलं.
"शिक्का माझ्याच सहीचा," तो म्हणाला
आणि चहात बुडवलेली नानकटाई
कपातच तुटली.

"तुमचं कोण ऐकतं?"
आकडा सांगता आला असता. मी पळश्याचे पेखळे सांगितले.
काल बाजारभावात टोमॅटोचा दर
चुकून परवाचा वाचला माझ्याकडून.
सहा मिनिटांत फोन:
"ताई, शिळं वाढलंत."
उलगडून सांगितल्यावर तो हसला,
मग बराच वेळ हसला नाही.

सव्वासातला थेट प्रक्षेपणात घेतलं त्याला.
मी विचारायचं, त्यानं बोलायचं, मी मराठीत आणायचं.
सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटी नेहमीचं विचारलं,
आमच्या श्रोत्यांना काय सांगाल?
तो माईककडे झुकला.
श्वास आत घेतलेला स्पष्ट गेला हवेवर,
अठराव्या वर्षी त्यानंच कापून टाकला असता तो.
आणि काही नाही.
काचेपलीकडे गायधनीचा हात फेडरवर,
लाल काटा चालतोय,
सात, आठ, नऊ,
मी हात वर करून त्याला थांबवलं.
का, ते मलाही सांगता येणार नाही.
अकराव्या सेकंदाला डेन्हम "थँक्यू" म्हणाला.
त्याचं मराठी मी केलं नाही.

रात्री ड्यूटी रिपोर्ट.
खंड: अकरा सेकंद. कारण:
वीज, यंत्र, लाइन, मानवी चूक,
नसेल ते खोडावे.
"लाइन लिहा," गायधनी म्हणाला, "कोण बघतंय?"
तेवढ्यात पेखळ्यांचा फोन.
"ताई, पाहुणे मधेच थांबले ना,
मी पळत जाऊन पंप बंद केला.
म्हटलं, आवाजात काही ऐकायचं राहून जाईल."

मी चारही शब्द खोडले.
पुड्यात एक नानकटाई उरली होती, ती गायधनीला दिली.
कागद चुरगळताना बेकरीचा पत्ता दिसला: भगूर.
म्हणजे म्हातारा कॅम्प ओलांडून
पुढच्याच गावात शोधत होता.